हाउगेनची उडी

वेंडल हाउगेनला विमान उडवता येत होतं, फक्त उतरवता येत नव्हतं. प्रशिक्षण तळावर त्यानं धावपट्टी सोडून इतक्या ठिकाणी विमान टेकवलं, की शेवटी शिक्षक वैतागून म्हणाले, "हाउगेन, तुला धावपट्टी लागणारच नाही असं काहीतरी बघू या." सैन्यात तेव्हा हेलिकॉप्टरं नवी होती आणि त्यांवर जायला फारसं कुणी राजी नव्हतं. वेंडल गेला. हा किस्सा तो स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगायचा आणि दर वेळी ते विमान आधीपेक्षा वाईट जागी उतरवायचा.

१९५१च्या उन्हाळ्यात तो कोरियात होता. नदीकाठी तंबूंचं इस्पितळ होतं आणि डोंगरांवरच्या तुकड्यांमधले जखमी उचलून तिथं आणायचे, हे त्याचं काम. त्याआधी जखमी माणूस खांद्यावरून डोंगर उतरायचा आणि पुढे जीपमध्ये आदळत यायचा. पोटात लागलेला असला तर बहुधा वाटेतच जायचा. आता थोड्या वेळात डॉक्टरांच्या टेबलावर असायचा. त्यामुळे शिपाई वेंडलकडे फार आदरानं बघत आणि वेंडलला ते अवघड होई. मिनेसोटातल्या गावात त्याचे वडील सांगत फिरत, की आमचा वेंडल लढाऊ विमान चालवतो. वेंडल म्हणायचा, "दुधाची गाडी चालवतो मी. किटल्यांच्या जागी माणसं, एवढाच फरक."

त्याचं यंत्र म्हणजे पुढे काचेचा बुडबुडा, मागे नळ्यांची उघडी शेपटी आणि दोन्ही अंगांना बाहेरच्या बाजूनं बांधलेलं एकेक स्ट्रेचर. बैलावर दोन्हीकडे गोणी लादावी तशी माणसं लादायची.

त्या दुपारी उत्तरेकडच्या एका उंच धारेवरून बोलावणं आलं. वेंडल पोचला तेव्हा ऊन रणरणत होतं. उतरायला खळ्याएवढी सपाट जागा होती आणि तिन्ही बाजूंनी कडा. जखमी दोन होते. एक सार्जंट कून्ट्झ, केंटकीचा, मांडी फुटलेला, तरी तोंड अखंड चालू. दुसरा म्युंग नावाचा कोरियन हमाल. लढायच्या वयाच्या पलीकडे गेलेल्या अशा माणसांना पाठीवरच्या लाकडी घोडीवर पाणी आणि दारूगोळा वर चढवायला लावलेलं होतं. म्युंगच्या पोटात तोफगोळ्याची कपची घुसली होती.

"एकच नेता येईल," वेंडल म्हणाला. "एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यात हे ऊन. दोघांना घेऊन यंत्र वर उठायचं नाही."

"मग म्हाताऱ्याला घ्या," सार्जंट म्हणाला. "त्यानं वर आणलेलं पाणी पिऊन आम्ही जगलोय. माझी मांडी काय, पडून राहील इथंच."

पण त्याच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं आणि तुकडीच्या कप्तानानं हळूच मान हलवून सांगितलं, की हाही संध्याकाळ बघायचा नाही. म्युंग आकाशाकडे बघत होता.

वेंडलनं दोघांनाही चढवलं. मग यंत्र हलकं करायला घेतलं. दोन्ही दारं काढली. पिस्तूल, हत्यारांची पेटी, जेवणाचा डबा, सगळं खाली. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरी लागत नाही, म्हणून तीही काढून एका शिपायाच्या हातात दिली. आपलं पोटही काढून ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं.

यंत्र वीतभर उचललं, थरथरलं आणि धापा टाकायला लागलं. पंख्याची गती उतरत होती. वेंडलनं ठरवलं, जमत नाही, खाली टेकवू आणि एकाला उतरवू. कुणाला उतरवायचं याचा विचार करण्यात त्याचं चित्त गेलं, यंत्र बाजूला सरकलं आणि टेकायच्या वेळी खाली जमीनच नव्हती. ते कड्यावरून दरीत पडलं.

वेंडल ओरडला. पोटातून, लांबलचक, लाज वाटावी असा. नाक खाली गेलं, वेग वाढत गेला, आणि मग पंख्यानं हवा धरली. गाडीची चाकं चिखलातून कोरड्या रस्त्याला लागावीत तसं ते त्याला हातात जाणवलं. समोर भातखाचरं वर येत होती, ती हळूहळू यायची थांबली. वेंडल इस्पितळापर्यंत दातांवर दात आवळून आला.

दोघेही वाचले. आणि शुद्धीवर येताच सार्जंट कून्ट्झनं तोंड उघडलं.

"काय गडी आहे," तो तंबूभर सांगत सुटला. "यंत्र उचलेना, तर पठ्ठ्यानं कड्यावरून उडी मारली. वर आरोळी ठोकली, घोड्यांच्या शर्यतीत मारतात तशी."

"आरोळी नव्हती ती," वेंडल म्हणाला. "किंचाळलो मी. मी यंत्र खाली ठेवायला गेलो होतो, आणि नेहमीप्रमाणे जागा चुकली. मला उतरवता येत नाही, हे अख्ख्या सैन्याला ठाऊक आहे."

सगळे पोट धरून हसले. वेंडलही हसला. त्याच्या विनयाची तारीफ झाली.

विचारपूस करायला एक कर्नल आले. वेंडलनं त्यांनाही तेच सांगितलं, सर, मी घाबरलो आणि पडलो. कर्नल त्याच्या खांद्यावर थाप मारून सोबतच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "बघा, खऱ्या धाडसी माणसाची हीच खूण." आठवड्याच्या आत त्या प्रकाराला नावही पडलं. हाउगेनची उडी.

विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला. म्युंग बरा होत होता आणि कोरियन नर्स बांग त्याचं बोलणं समजावून सांगायची. एकदा वेंडल त्याच्या खाटेशी बसला असताना म्हातारा काहीतरी पुटपुटला. नर्स बांग जरा अडखळली.

"ते म्हणतायत, चालवणारे साहेब आईला हाक मारत होते."

तंबूत हशा पिकला. नर्सचं इंग्रजी कच्चं आहे, असं सगळ्यांनी ठरवलं. वेंडलला मात्र इतकं बरं वाटलं, की त्यानं म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. "बरोबर आहे आजोबा. तुम्हीच एक साक्षीदार."

त्याच सुमारास प्रुइट नावाचा वैमानिक नवीन आला. हुशार, नेटका, आणि वेंडलसारखं नाही, याला उतरवताही येत होतं. त्यानं आल्या आल्या उडीबद्दल विचारलं.

"सोपं आहे," वेंडल म्हणाला. "आधी बावळटपणा करायचा, मग डोळे मिटायचे. उरलेलं गुरुत्वाकर्षण बघून घेतं."

प्रुइट हसला, आणि जिथं तिथं रिकाम्या यंत्रावर सराव करायला लागला. एके सकाळी त्यानं इस्पितळामागच्या टेकाडावरून उडी घेतली. पण टेकाड बुटकं होतं, वारा पाठीमागून होता आणि खाली दरी नव्हती, बटाट्याचं शेत होतं. यंत्राचा चुराडा झाला. प्रुइटचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि तीन बरगड्या गेल्या.

त्याला मोठ्या इस्पितळात हलवायचं होतं आणि न्यायला वेंडलच होता. स्ट्रेचरचे पट्टे आवळताना प्रुइटनं त्याचं मनगट धरलं.

"खरं सांग. त्या दिवशी तू मुद्दाम केलं होतंस का?"

"नाही. पडलो मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. कर्नलना सांगितलं, तुला सांगितलं, ऐकेल त्या प्रत्येकाला सांगितलं."

"हसत सांगितलंस," प्रुइट म्हणाला. "तू तुझं विमान कोंबड्यांच्या खुराड्यावर उतरवलंस हेही तसंच सांगतोस. ते खरं आहे?"

"खुराडं नव्हतं. कुंपण होतं."

"बघ. मी कसं ओळखायचं?"

वेंडलनं पट्टा बांधला, प्रुइटच्या तोंडावर वारा लागू नये म्हणून झाकण लावलं आणि निघाला. एरवी तो वाटेत स्वतःशीच बडबडायचा. आज स्वतःला शेलक्या शिव्या द्याव्यात असंही त्याला वाटेना. त्या शिव्यासुद्धा गमतीदारच निघाल्या असत्या.

परतल्यावर त्यानं यंत्राची तपासणी करून घेतली, मेकॅनिकला स्ट्रेचरवर वाळूची पोती बांधायला लावली आणि एकटाच उत्तरेच्या त्या धारेवर गेला. जिथून पडला होता तिथं उभा राहून खाली बघितलं. वारा दरीतून वर येत होता, तोंडावर. त्यानं पहिल्यांदा नीट विचार केला, की आपण का मेलो नाही. जागच्या जागी तरंगायला यंत्राला सगळ्यात जास्त ताकद लागते. पुढे वेग असला, की तोच पंखा जास्त भार धरतो. तो वेग यायला खोल दरी हवी आणि समोरून वारा हवा. यातलं काही नसेल तर एका माणसाला मागे ठेवायचं, मग ते कितीही जड जावो.

मग तो यंत्रात बसला आणि मुद्दाम पडला. पोत्यांसकट सुखरूप खाली आल्यावर वर चढून पुन्हा पडला. भीती कमी झाली नाही, पण यंत्र कुठे हवा धरतं, ते त्याला कळलं.

पुढच्या आठवड्यात नवे वैमानिक आले. कर्नलनी त्यांना वेंडलच्या समोर बसवलं आणि सगळे हसायच्या तयारीनं पुढे झुकले.

"मी यंत्र खाली ठेवत होतो, लक्ष ढळलं आणि मी कड्यावरून पडलो," वेंडल म्हणाला. "ही गंमत नाही. प्रुइटला ती गंमत वाटली, कारण मी तशी सांगितली. आता आम्ही का वाचलो, ते सांगतो."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, वारा आडवा असेल तर काय करायचं. वेंडलला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं तसं सांगितलं. जेवण झाल्यावर ते दोघं वाळूची पोती चढवून तेच बघायला निघाले.