डॉकच्या तोंडी अक्षता

मुलाखत बारा वाजता होती, घड्याळात साडेदहा झाले होते, आणि उन्नतीचा लॅपटॉप चालू होण्यासारखी डिस्क सापडत नसल्याचं पाचव्यांदा सांगून ढिम्म बसला होता.

त्याचं दुखणं जुनंच. गणपतीनंतर त्याच्या आतल्या डिस्कने मान टाकली. उन्नतीच्या आतेभावाचं, भावेशचं, भिवंडीत दुरुस्तीचं दुकान. त्याने ती मरता मरता सगळीच्या सगळी बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून दिली. तेव्हापासून लॅपटॉप त्या डिस्कवरूनच सुरू व्हायचा. पण बॅटरीही गेलेली आणि वायर लावायला भोक एकच. त्यात चार्जर लावला तर डिस्क लावायची कुठे? म्हणून मध्ये डॉक आला. साबणाच्या वडीएवढी ती पेटी, एका बाजूने चार्जर घ्यायची, पुढून डिस्क घ्यायची आणि मागच्या वायरने दोन्ही लॅपटॉपला पुरवायची. पंधरा दिवस तिघांचा संसार सुखाने चालला होता. आजच कुणाची दृष्ट लागली कोण जाणे.

इचलकरंजीची एक कंपनी घरी बसून जॅकार्ड कापडाची डिझाइनं काढणारी माणसं घेणार होती. मुलाखतीत डिझाइन समोर काढून दाखवायचं होतं, आणि ते सॉफ्टवेअर फक्त याच लॅपटॉपवर, याच डिस्कवरून चालायचं. दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप मागून आणून भागणार नव्हतं. ही नोकरी हुकली तर दिवाळीनंतर केसरीनाथमामाच्या गोदामात खोकी तपासायला बसायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे बाबांनी ठरवलं होतं आणि उन्नतीने गप्प राहून ऐकून घेतलं होतं. गोदामाच्या नुसत्या आठवणीने तिला खुर्चीत बसवेना. ती उठे, खिडकीपर्यंत जाई, परत येऊन तेच बटण दाबे.

शेवटी तिने भावेशला फोन लावला. त्याने सेटिंगमध्ये शिरायला लावलं, डॉकवरून सुरू होण्याची परवानगी तपासायला लावली. परवानगी होती. मग त्याने विचारलं, डिस्कवरचा दिवा लागतोय का? दिवा लागत नव्हता. डिस्क गेली असेल तर सॉफ्टवेअर गेलं, दोन वर्षांची डिझाइनंही गेली. मी येतो, भावेश म्हणाला, पण रस्त्यात ट्रकच ट्रक आहेत, साडेबाराच्या आत तुमच्या गावी, दिघाशीत, पोचत नाही.

फोनवरचं बोलणं ऐकून तिचे बाबा, बाळाराम, दारात आले. अर्धं आयुष्य भातशेतीत आणि उरलेलं टेम्पोवर गेलेला माणूस, टेम्पो बिघडला की आधी बॉनेट उघडून बघणारा. त्यांनी सवयीने डॉककडे हात नेला आणि म्हणाले, "काल तर याची पूजा केली. तरी न्हाय चालत?"

"पूजेनं मशीन न्हाय चालत, बाबा. तुम्ही हात लावू नका, बाहेर बसा जरा."

बाळाराम बाहेर गेले. उन्नतीला लगेच वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. अकरा वाजून गेले होते.

तिने डिस्कची वायर ओढून पुन्हा डॉकमध्ये खुपसली. परवापर्यंत ती कट्‌ आवाज करून बसायची. आज सकाळपासून ती तशी बसतच नव्हती, आणि घाईत उन्नतीने नुसता जोर केला होता. तिने डॉक उजेडाकडे धरला. भोकाच्या आत लालपिवळं काहीतरी होतं.

तिने चार्जर काढला, ओढणीची सेफ्टीपिन सोडली आणि श्वास रोखून कोरायला लागली. आधी वाळलेल्या हळदकुंकवाची खपली निघाली. मग, अगदी तळातून, तांदळाची एक तुटकी कणी.

काल दसरा. घरातलं प्रत्येक हत्यार देवापुढे मांडायचं आणि दिवसभर त्याला कामाला लावायचं नाही, ही रीत. बाळारामांनी तिला विचारलं होतं, तुझ्या कामातलं मुख्य कुठलं गो, हे झाकणवालं की ही पेटी? मोबाइलमधून डोकं वर न काढता तिने डॉकच्या पुढच्या भोकावर बोट ठेवलं होतं आणि म्हणाली होती, सगळं इथून सुरू होतं. चुलीची पूजा तिच्या तोंडाशी करतात, तशी त्यांनी डॉकची केली. माणूस ऐकणारा, त्याला कोण काय करणार!

आणि आता तिला दुसरंही आठवलं. दरसाल पहिल्या अक्षता टेम्पोला पडत. काल त्या डॉकला पडल्या होत्या. तिने ते पाहिलं होतं आणि बाबांचं लक्ष नसेल म्हणून सोडून दिलं होतं.

अकरा अठ्ठेचाळीसला वायर कट्‌ करून बसली. डिस्कचा निळा दिवा लागला. यादीत डिस्कचं नाव आलं आणि पडद्यावर तिचा नेहमीचा मोरपंखी काठ उघडला, तेव्हा कुठे उन्नतीने ओढणीला सेफ्टीपिन परत लावली. बारा वाजता तिकडच्या बाईंनी काठात कमळ घालून दाखवायला सांगितलं. तिने घातलं. त्यांनी ते दोनदा मोठं करून पाहिलं आणि एक तारखेपासून काम सुरू करता येईल का, असं विचारलं.

उन्नती बाहेर आली तेव्हा बाळाराम टेम्पोच्या काचेवरचं सुकलेलं झेंडूचं तोरण सोडत होते. तिने तळहातावरची कणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती चिमटीत घेऊन उजेडात पाहिली.

"माज्यानं झालं व्हय हे?"

"झालं. पण नोकरी लागली, बाबा. मामाला कळवा, मी गोदामात येत न्हाय."

"ते कालच कळवलंय," बाळाराम तोरणाची गाठ सोडवत म्हणाले. "पूजेला बसायच्या आधी."

उन्नतीला रडू आलं. सकाळी याच माणसाला तिने बाहेर बसवलं होतं. ती जवळ गेली आणि तोरणाचं दुसरं टोक हातात धरलं.

"पुढच्या साली तुजी पूजा तूच कर, बाय," ते म्हणाले. "मना त्यातलं कळत न्हाय."

"न्हाय, तुम्हीच करा," उन्नती म्हणाली. "भोकाला चिकटपट्टी मी लावून देईन."