साठाची अठ्ठावन्न

थू! त्या दिवसाची आठवण आली तरी तोंड कडू होते.

माह्या बाबानं, खुशालरावनं, वरूडले संत्र्याचा बगीचा लावला तवा मोजून साठ झाडं लावली. जागा सत्तरची होती. लोक हसले. बाबा म्हणे, "साठ संवत्सरं, दिवसाच्या साठ घटका. जुने लोक काय येडे होते? साठ दोघात वाटा, तिघात, चौघात, पाचात, सहात, काही उरत नाही. झाडाचे तुकडे कराची पाळी येऊ नये." मी अकोल्यात पोराइले गणित शिकवते, ते मी त्याच झाडाखाली शिकली.

बाबा गेले. वाटणीले आमी चौघं: आई, माहे दोन लहाने भाऊ श्याम आन मनोज, आन मी. पंधरा-पंधरा झाडं, झालं! मले पैसा नको होता. बाबाच्या बगीच्यात माह्या नावाची पंधरा झाडं पायजे होती.

वाटणीच्या दिवशी गेली तं दोन झाडं तोडून पडलेली. चांगली निरोगी, फळावरची. हिरवी संत्री मातीत.

"हे काय करून ठेवलं रे?"

श्याम दात कोरत म्हणे, "ताई, आता अठ्ठावन्न हायेत. दोघात एकोणतीस-एकोणतीस बरोब्बर. तिघात भाग जातच नाही. आन झाडाचे तुकडे कराचे नाही, हा बाबाचाच नेम. तू तं गणिताची मॅडम!" मनोज फिदीफिदी हसला.

मले अशी शिसारी आली का विचारू नका. बापाचाच शब्द, आन त्याचीच कुऱ्हाड केली मेल्याइनं!

आई चहा घेऊन ओट्यावर आली. "जाऊ दे न बाई. साडीचोळी तं भेटतेच तुले. तोडणाऱ्याइले भाकरी म्याच देल्ली."

"आई, अठ्ठावन्नाले चारानं भाग जाते काय?"

"मले काय समजते त्यातलं?"

"नाही जात. चौथी तू होती."

आईनं दोघाइकडं पाह्यलं. "खरं काय रे?"

"तुले कायले पायजे वं झाडं?" श्याम म्हणे. "दोन टाइम खाऊन तं राह्यतंच ना आमच्याकडं."

आईनं चहा तिथंच ठेवला, घरात गेली, थैली काढली. "मले अकोल्याले घेऊन चाल."

माहा वाटा गेला तं 'जाऊ दे', सोताचा गेला तं थैली! त्या घडीले मले तिचीबी किळस आली. तरी तिच्या लुगड्याच्या घड्या करून थैली मीच भरली.