रूपरावचा उजवा अंगठा

ठसेतज्ज्ञ हरिदास थूलने काचेचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, मऊ ब्रश काळ्या भुकटीत जेमतेम टेकवला आणि तान्ह्या लेकराच्या गालावरून फिरवावा तसा काचेवरून फिरवला. तीस शिपायांच्या माना पुढे झाल्या. आधी नुसता काळपट डाग दिसला, मग त्यातून एकेक रेघ वर आली.

"चहाआधी या ग्लासानं पाणी कोण प्यायलं?"

मागच्या बाकावरच्या जाड्या हवालदाराने हळूच हात वर केला आणि हॉल हसला. हरिदासने ठशावर चिकटपट्टी दाबली, उचलली आणि पांढऱ्या कार्डावर लावली. वर्ध्यातलं हे त्याचं शेवटचं शिबिर. चार महिन्यांनी निवृत्ती होती, आणि खरं सांगायचं तर गडी रंगात आला होता. शंख, चक्र, कमान असे तिन्ही प्रकार फळ्यावर काढून झाले होते. शंखात रेघा एका बाजूने येतात, वळसा घेतात आणि आल्या बाजूलाच परत जातात. डाव्या अंगठ्याच्या ठशात शंखाचं तोंड बहुतेक डावीकडे असतं, उजव्याच्या ठशात उजवीकडे.

मग त्याने पिशवीतून दोन मोठे फोटो काढले. हे त्याचं हुकमी पान. नऊ वर्षं तो प्रत्येक शिबिरात ही हकीकत चवीने सांगत आला होता. तळेगावचा रूपराव वारला. मरण्याआधी त्याने आपल्या वाट्याचं घर बायकोच्या नावे लिहून दिलं, असा कागद त्याच्या पोराने कोर्टात आणला. रूपरावचा भाऊ बापूजी म्हणाला, कागद खोटा. साक्षीदार दोन, त्यातला एक वारला, दुसरा फिरला. उरला फक्त कागदावरचा अंगठा. नोंदणीच्या एका जुन्या दस्तावर रूपरावचा डावा अंगठा सापडला, तो कोर्टाने नमुना म्हणून हरिदासकडे पाठवला.

"हा नमुना, आणि हा कागदावरचा. जुळतात?"

"नाही सर," हॉल म्हणाला.

"पोरानं बापाच्या नावानं भलताच अंगठा लावला होता. कोर्टानं कागद फेटाळला, घर बापूजीला गेलं. भल्याभल्यांना वाटतं, अंगठा म्हणजे नुसती शाई."

दुसऱ्या रांगेतली रक्षा नावाची शिपाई मान वाकडी करून फोटो बघत होती. पोरगी नवीनच भरती झालेली, वहीत सगळं नीट उतरवून घेणारी.

"सर, एक विचारू? नमुन्यातल्या शंखाचं तोंड डावीकडे आहे. कागदावरच्याचं उजवीकडे. मग हा त्याच माणसाचा उजवा अंगठा नसंल कशावरून?"

हरिदास हसला. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि फोटोखालची ओळ वाचली. रूपराव यांचा अंगठा, एवढंच तिथे लिहिलं होतं. डावा की उजवा, ते कुठेच नव्हतं. नमुना डाव्याचा आला म्हणून त्याने हाही डावाच धरला होता. दस्तावर पुरुषाचा अंगठा म्हणजे डावा, इतकं ते त्याच्या अंगवळणी पडलेलं.

"चहाची सुट्टी," तो म्हणाला.

चहा नुकताच झाला होता, तरी सगळे उठले.

संडासाच्या भिंतीला टेकून तो किती वेळ उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. हे दोन ठसे एकाच बोटाचे नाहीत, एवढंच त्याला लिहिता येत होतं. उजव्या अंगठ्याचा नमुना मिळाल्याशिवाय पुढे काही सांगता येत नाही, असंही लिहायला हवं होतं. त्याने लिहिलं होतं, एकाच माणसाचे नाहीत. खाली सही, शिक्का. शिकाऊ पोराने केली असती तर त्याने कान उपटला असता, अशी चूक.

आणि त्याला ती बाई आठवली. रूपरावची बायको, जयवंताबाई. साक्ष झाल्यावर कोर्टाच्या पायरीशी ती आडवी आली होती. "साहेब, पक्कं ना?" एवढंच तिने विचारलं. तेव्हा तो ऐटीत म्हणाला होता, "बाई, माणूस खोटं बोलते. ठसा नाई बोलत."

परत गेल्यावर तो कार्यालयातल्या जुन्या कपाटांपुढे बसला. शिक्षा झालेल्या लोकांच्या दहाही बोटांच्या ठशांच्या कागदी पाट्या तिथे ठेवलेल्या असत. रूपरावचं नाव तिथे असेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि असू नये असंही वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पाटी सापडली. साल एकाहत्तर, रेल्वेचं लोखंड चोरलं, सहा महिने. उजवा अंगठा भिंगाखाली घेऊन तो कागदावरच्या ठशाशी रेघ न् रेघ ताडत गेला. कुठे रेघ फुटते, कुठे संपते, अशा चौदा खुणा जुळल्या. आठ पुरल्या असत्या.

त्याने वरच्या साहेबाला लिहून दिलं. साहेबाने कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "थूल, निकालाला नऊ वर्षं झाली. जाता जाता कशाला उकरता?" रविवारी त्याने तळेगावची गाडी धरली.

जयवंताबाई शाळेमागच्या एका खोलीत राहत होती. दारात बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. त्याने नाव सांगितलं, तसं तिने पदर डोक्यावर घेतला आणि आतून खुर्ची आणून ठेवली. त्या खुर्चीवर बसणं हरिदासला जड गेलं.

"बाई, त्या अंगठ्याच्या बाबतीत चूक झाली होती."

"कोणाची?"

वाटभर त्याने जुळवून ठेवलेलं सगळं त्या एका शब्दापुढे कोलमडलं.

"माझी," तो म्हणाला. "कागदावर उजवा अंगठा होता. मी डाव्याशी ताडला. अंगठा तुमच्या मालकांचाच होता."

तिचे हात थांबले.

"डाव्या अंगावरून वारं गेलतं त्याइच्या," ती हळू म्हणाली. "डावा हात उचलतच नव्हता. मी तवा माहेरी होती, माय आजारी होती म्हणून. निकालानंतर पोरगं म्हणे, बाबानं उजवा अंगठा देल्ला. मले वाटलं, बनवून सांगून राह्यला."

"पोरगा कुठं असतो?"

"इथंच. येष्टी स्टँडपाशी सायकलीचं दुकान आहे. मीच हाकलला त्याले. नऊ वर्सं झाली, बोलत नाई आमी."

हरिदासला वाटलं, आपण उठावं आणि पळून जावं. घर गेलं एवढंच तो धरून आला होता. त्याने मान खाली घातली. तिने त्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे विचारत होती.

"त्याइचा उजवा अंगठा तुमाले भेटला कुठं? ते तर मेले."

याची त्याला सगळ्यात जास्त भीती होती. काही तरी सांगून वेळ मारून नेता आली असती. एकदा खोटं लिहून झालं होतं, आता पुन्हा नको.

"जुन्या शिक्षेच्या कागदात. साल एकाहत्तर. तुम्हाला कदाचित..."

"सहा महिने," ती म्हणाली. "लग्नाले वर्स झालं नव्हतं. माहीत आहे मले. पोराले नाई माहीत."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. बाईने एक मिरची उचलून तिचा देठ खुडला.

"साहेब, तुमी पोराचं नावबी घेतलं नाई कोर्टात. अंगठा त्याइचा नाई, एवढंच म्हणले. बापूजीनं लावला असन, साक्षीदारानं लावला असन. मी कोणाचाच इच्यार नाई केला. मले वाटलं, बापाचं रगत हाय, हात गेला चोरीकडं. त्या कागदाच्या आधीपासून मी त्याच्याकडं तसंच पाहत होती. लहानपणी पेन्सिल आणली तरी विचारायची, कोणाची हाय."

तिने सुपातल्या मिरच्या हाताने सारख्या केल्या आणि उठली.

"चला. तुमचं तुमी सांगा. माह्यं मी सांगीन."

एसटी स्टँडपर्यंत ती त्याच्या चार पावलं मागे चालत होती. दुकान दिसलं तशी रस्त्याच्या अलीकडेच थांबली. हरिदास एकटाच पलीकडे गेला.

तिचा लेक योगेंद्र चाकाच्या तारा आवळत होता. पस्तिशीचा गडी, कानशिलाशी केस पिकलेले. हरिदासने उभ्यानेच सगळं सांगितलं. डावा, उजवा, आपण काय लिहिलं आणि काय लिहायला हवं होतं ते. पाटी कुठे सापडली ते मात्र सांगितलं नाही, ते सांगणं बाईचं होतं. या वेळी त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, चूक माझी.

योगेंद्रने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पान्हा खाली ठेवला.

"साहेब, हे मले काऊन सांगून राह्यले? मले तर माहीतच होतं. बाबाचा हात धरून अंगठा मीच शाईत बुडवला होता."

माफी हा शब्द हरिदासच्या तोंडाशी आला होता, तो त्याने तसाच गिळला.

"मायले सांगा," योगेंद्र म्हणाला.

"सांगितलं. त्या आल्या आहेत. रस्त्यापलीकडं उभ्या आहेत."

योगेंद्रने वर पाहिलं नाही. दुकानातलं लाकडी स्टूल ओढलं, फडक्याने पुसलं, छपराच्या सावलीत ठेवलं आणि पुन्हा चाकाशी बसला.

"उन्हात नको उभी राहू म्हणा तिले."

हरिदास रस्ता ओलांडून परत आला. बाईने पदराने तोंड पुसलं.

"काय म्हणला?"

"सावलीत या म्हणाला."

"मी त्याच्यावर इश्वास काऊन नाई ठेवला, ते विचारलं?"

"नाही."

"विचारल्याबिगर राहणार नाई," ती म्हणाली. आणखी थोडा वेळ ती तिथेच उभी राहिली. मग गेली. स्टूल तिने हाताने बाजूला सारलं आणि लेकापुढे खाली मातीत बसली.