राणी कलरचा स्कार्फ

आमच्या चंद्रपुरात उन्हाळ्याची फॅशन एकच, तोंड बांधायचं. पुण्या-मुंबईच्या बाया मार्च लागला की बिनबाह्यांचे कपडे काढतात. आमच्याकडे मार्च लागला की बाह्या लांब होतात, हातात मोजे येतात आणि चेहऱ्यावर स्कार्फ चढतो. डोळे तेवढे उघडे, त्यांवरही गॉगल. सख्खी बहीण स्कुटीवरून शेजारून गेली तरी कळत नाही. पण म्हणून आम्ही नटायचं सोडतो असं कुणी समजू नये. दरवर्षी स्कार्फची तऱ्हा बदलते. कधी लहरिया, कधी पिस्ता रंग, आणि यंदा टिकल्या लावलेला, चमचमणारा. सेहेचाळीस डिग्रीत टिकल्या! ज्याने ही टूम काढली त्याला एकदा भर दुपारी जटपुरा गेटसमोर उभं करायला पाहिजे.

पुनम असल्या टुमांना कधी भुलली नाही. ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये उर्वशी राहायची. दोघी गोंडपिपरीच्या, एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. लग्न होऊन दोघी एकाच कॉलनीत आल्या, कारण दोघींचे नवरे इथे वीज केंद्रात. नशीब म्हणतात ते हेच. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा आणि नाटकं, सुरू व्हायच्या, त्याआधी दोघी साड्यांना बाजारात जाणार. उन्हाळ्याच्या तोंडावर सुती कुर्ते आणि स्कार्फ आणायला जाणार. खरेदी झाली की गोल बाजाराच्या बाजूला एका गाडीवर आलुबोंडा आणि वरून तर्री, नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर. निवड पुनमची, घासाघीस उर्वशीची. पुनमची नजर अशी, की कापड नुसतं पाहून सांगेल, हे दोन धुण्यांत विटणार. उर्वशीचं तोंड असं, की दुकानदारच म्हणेल, ताई, घेऊन जा पण आता बस करा.

मग प्रणितचं लग्न आलं. प्रणित म्हणजे उर्वशीचा भाऊ. आता लग्नात नवीन रीत निघाली आहे, हळदीच्या दिवशी घरातल्या सगळ्या बायांनी एकसारख्या साड्या नेसायच्या. फोटो चांगला येतो म्हणे. साड्या पुनमनेच निवडल्या, पिवळ्या, त्यांना मोरपंखी काठ. “तू तर घरचीच,” उर्वशी म्हणाली आणि तिच्यासाठीही एक धरली. पुनमने महिनाभर आधी त्यावरचा ब्लाउज शिवून घेतला. हळदीच्या सकाळी हैदराबादहून एक चुलत वहिनी न सांगता टपकली. तिला साडी नाही म्हणून सासू-सुनांत कुजबुज सुरू झाली. त्या गडबडीत उर्वशी पुनमला म्हणाली, “तू दुसरी नेसून घे ना. तुह्याकडे तर लय आहेत.”

एवढंच. पुनम दुसरी नेसली. फोटोत सगळ्या पिवळ्या रांगेच्या टोकाला ती एकटी जांभळ्या साडीत उभी आहे, हसते आहे, आणि ते हसू बघवत नाही. घरी आली आणि तिने दार लावलं ते लावलंच. एका साडीवरून एवढं, असं पुरुष विचारतील. विचारू द्या. जिला घरची म्हणून रांगेत धरलं आणि ऐन वेळी पाहुणी म्हणून काढलं, तिला विचारा साडी केवढी असते ते.

उर्वशी दोनदा आली होती. पहिल्यांदा पुनम झोपल्याचं सोंग करून पडून राहिली, दुसऱ्यांदा चहा केला पण बोलली नाही. मग उर्वशीनेही येणं सोडलं. दोन उन्हाळे गेले. एक मंगळवारी बाजारात जायची, दुसरी शनिवारी. मध्यंतरी बी टाईप क्वार्टरमध्ये दिव्या नावाची नवीन मुलगी राहायला आली, उर्वशी तिच्या स्कुटीवर दिसू लागली. पुनम गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ते पाहायची आणि चिमटे असे दाबायची की दोरीच तुटेल. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, ते हेच.

यंदा चैत्रात कळलं की उर्वशीच्या नवऱ्याची, रोशनची, परळीला बदली झाली. पोरांची परीक्षा आटोपली की सामान हलणार. मी वर गेले आणि पुनमला स्पष्टच म्हटलं, “जाऊन ये. गेली का मंग भेट होत नाई.”

“आधी तिनं यावं, काकू,” ती म्हणाली. “चूक तिची होती. तिनं मले फक्त एकदा म्हणावं, का पुनम चुकलं माहं. मंग पाहा मी काय करतो.”

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मी खाली उतरले.

पुढचं सगळं मला पुनमनेच सांगितलं, माझ्या ओट्याशी उभं राहून. ती बाजारात गेली, शनिवारी नेहमी जाते तशी. तोंड बांधलेलं, गॉगल, अंगात नवीन सनकोट, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकलेली. स्कार्फच्या दुकानात गर्दी होती. ती सुती स्कार्फांच्या थप्पीतून एकेक बोटाने चाचपत होती, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“ताई, जरा सांगता का, यातला कोनता चांगला दिसते?”

पुनमने मान वळवायच्या आधीच ओळखलं. आवाज उर्वशीचा, एरवी मंगळवारी येणारीचा. तीही बांधलेली, डोळेच दिसत होते. तिच्या एका हातात मऊ सुती स्कार्फ होता, शेवाळी रंगाचा, कडेला बारीक पांढरी वेल. दुसऱ्या हातात तो यंदाचा, राणी कलरचा, सिंथेटिक, टिकल्यांनी भरलेला.

हिने आपल्याला ओळखलं नाही, पुनमला वाटलं. हळू, घसा दाबून ती बोलली, “कोनासाठी पाह्यजे?”

“मैत्रिणीले द्याचा आहे,” उर्वशी म्हणाली. “मी गाव सोडून चालली ना. आठवण म्हणून. लय जवळची आहे माही.”

दिव्या! पुनमच्या डोक्यात दुसरं नावच आलं नाही. एकाच बाकावर बसलेलीला साडी कमी पडते आणि काल आलेल्या दिव्याला आठवण म्हणून स्कार्फ. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवाळी स्कार्फ तिने नुसता पाहिला होता आणि त्याचा पोत तिला बोटांवर कळला होता. तसला स्कार्फ तिने स्वतःसाठी डोळे मिटून घेतला असता.

“तो गुलाबी द्या,” ती म्हणाली. “यंदा तोच चालून राह्यला.”

“हा? टोचन नाई का? अन् गरमीचं?”

“नाई टोचत. सगळ्या पोरी हाच बांधून राह्यल्या.”

उर्वशीने दोन्ही स्कार्फ पुन्हा तिच्यापुढे धरले. “पक्कं ना, ताई?”

“पक्कं.”

उर्वशीने शेवाळी स्कार्फ परत थप्पीवर ठेवला आणि राणी कलरचा पुड्यात बांधून घेतला. घासाघीस केली नाही. पुनमला ते तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. पण राग आला की माणसाच्या कानात बोळे बसतात. तिला बरं वाटत होतं. दिव्याचे गाल उन्हात टिकल्यांनी कसे सोलवटून निघतील, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं.

“तुमी माहं काम केलं,” उर्वशी म्हणाली. “चाला, आलुबोंडा खाऊ. माह्याकडून.”

नाही म्हणायला हवं होतं, किंवा मग हो म्हणून तोंड उघडायला हवं होतं. पुनमने दोन्ही केलं नाही. ती मागे मागे गेली. का गेली, मी विचारलं, तर म्हणाली, “मले तिच्यासोबत चालाचं होतं, काकू.”

तीच गाडी, तेच बाकडं. आता गोम अशी आहे, की स्कार्फ बांधून सगळं करता येतं, खाता येत नाही. उर्वशीने बसल्या बसल्या मागची गाठ सोडली आणि स्कार्फ मांडीवर ठेवला. दोन उन्हाळ्यांनी पुनमने तिचा चेहरा एवढ्या जवळून पाहिला. घामाने डबडबलेला, कानाजवळ एक पांढरा केस. उर्वशी समोर बघत बसली. वाट बघत होती.

पुनमचा हात गाठीपर्यंत गेला. मला ती गाठ दिसते. एक बोट घातलं असतं तर सुटली असती. पण तोंड उघडलं तर मघाशी दुकानात तसं सांगणारी आपणच हे तिला कळणार, आणि वर आपणच आधी बोलल्यासारखं होणार. हात खाली आला.

“माहा उपास आहे,” ती म्हणाली.

“उपास,” उर्वशी म्हणाली. गाडीवाल्याकडे वळून तिने सांगितलं, “भाऊ, दोन प्लेट. एकीत कांदा नको टाकजा.”

पुनम लहानपणापासून कच्च्या कांद्याला शिवत नाही. वास आला तरी तिचं तोंड वाकडं होतं. गोंडपिपरीच्या शाळेत डब्यातला कांदा उर्वशी काढून खायची.

प्लेट पुनमच्या पुढे आली. आलुबोंडा, तर्री, वर नुसता सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला, कांद्याचा कण नाही.

“दुकानात शिरली तवाच ओळखली मी तुले,” उर्वशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “कापड अशी बोटानं चाचपणारी दुसरी कोन आहे? वाटलं, विचारत राहू, कुठी तरी बोलशीन.” तिने पिशवीतून तो पुडा काढला आणि प्लेटीशेजारी ठेवला. “हा तुह्यासाठीच होता. तूच पसंत केला आहे.”

“उर्वशी, मले वाटलं दिव्यासाठी...”

“दिव्यासाठी असता तरी काय झालं असतं?” उर्वशी म्हणाली. “तुही नजर कापडात कधी चुकत नाई, पुनम. म्हणून तर मले समजलं, अजून तुह्या मनात किती राग आहे ते. हळदीच्या दिवशी चुकलं माहं. लय चुकलं. सांगाले आली होती दोनदा.”

जे एक वाक्य ऐकायला पुनम दोन वर्षं दार लावून बसली होती, ते तिने तोंडावर फडकं बांधून ऐकलं. उर्वशीने आपल्या प्लेटमधला एक घास खाल्ला, उरलेलं तसंच ठेवलं, पैसे दिले, स्कार्फ बांधला आणि गेली. ती गर्दीत मिसळली, आणि तिथे सगळ्याच बांधलेल्या.

पुनमने मग गाठ सोडली. बाकड्यावर एकटी बसून तिने तो आलुबोंडा खाल्ला, सगळा, तर्रीसकट. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गाडीवाल्याने नेहमीसारखं विचारलं, “ताई, तिखट झाला का?”

भेट झालीच नाही असं नाही. सामान हललं त्या सकाळी पुनम डबा घेऊन गेली, सांबारवडी करून. मीही होते. क्वार्टर बायांनी भरलं होतं, ट्रकमध्ये कपाट चढत होतं. उर्वशी एकेकीच्या गळ्यात पडत होती. दिव्याच्या पडली, माझ्या पडली, पुनमच्याही पडली, तेवढीच. “पोचली का फोन करतो,” सगळ्यांना म्हणाली तसं तिलाही म्हणाली. डबा घेतला, चांगला वास आहे म्हणाली आणि रोशनच्या हाती दिला. पुनमला खूप बोलायचं होतं हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. पण त्या घोळक्यात ती रांगेत आपला नंबर होऊन गेलेल्या बाईसारखी बाजूला झाली. मला दोघींच्या थोबाडीत मारावीशी वाटली, खरं सांगते.

फोन येतात. पोरांचं, पाण्याचं, परळीच्या बाजारभावांचं बोलतात. साडीचं निघत नाही, स्कार्फचं निघत नाही.

आणि पुनम दुपारी बाहेर निघाली की तोच राणी कलरचा बांधते. कॉलनीतल्या पोरी हसतात, पुनमताईंनी पण शेवटी टिकल्या लावल्या म्हणून. तिच्या गालांवर, हनुवटीखाली लालभडक पुरळ उठलं आहे. परवा स्कुटीला किल्ली लावताना मी तिला खाली अडवलं. रागच आला मला.

“सोड ना वो ते चिंधूक,” मी म्हटलं. “गाल पाह्यले का आरशात? सुती घे एखादा.”

तिने मागची गाठ आणखी घट्ट ओढली.

“राहू द्या, काकू,” ती म्हणाली. “मीच पसंत केला आहे.”