बंड्याची गादी

"आज गेली बाबा तुजी गादी. साबनाचा वास बसंल तिला, मग कशाची येती तुला झोप," भिंतीआड गहिनीनाथ बंड्या कुत्र्यापाशी कुरकुरत होता.

धुण्याच्या दगडावर बसलेल्या लंकाबाईनं ते ऐकलं आणि सोडा जरा जास्तच टाकला. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्याला झोप लागते का, हे या माणसानं कधी विचारलं नव्हतं. कारखान्यातून यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. आता मात्र बंड्याशी सकाळपासून तोंड चालू. दुधात भाकरी कुस्करून आधी त्याला. कालचं कालवण तिखट झालं, तेही सांगितलं बंड्याच्याच कानात.

लेकीच्या, अश्विनीच्या बाळंतपणाला म्हणून लंकाबाई पुण्याला गेली, ती परतली तेव्हा नातू पळायला लागला होता. पोरीचं लई केलंस बाई, असं आळीतल्या सगळ्या म्हणाल्या. त्यापुढं कुणी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. आठवडा झाला तरी पिशवी खाटेखाली भरलेलीच होती. या घरात आपल्याला जागा उरलीय का तेवढं बघायचं, नाहीतर श्रीगोंद्याहून पुण्याची एसटी होतीच. आणि जागा तर रोज दिसत होती. खाटेला लागून ती केसाळ गादी, वर बंड्या पाय पसरून.

म्हणून आज तिनं गादीच उचलून आणली. झटकली, केसांचे पुंजके काढले. पण आतल्या पिसवा अशा जायच्या नाहीत. तिनं शिवण उसवली. टाके दाभणानं पोतं शिवल्यासारखे, लांब लांब. जुन्या सतरंजीच्या त्या खोळीतून तिच्याच साड्या निघाल्या. मढीच्या जत्रेतली हिरवीसुद्धा. कोंबलेल्या नव्हत्या, घडीवर घडी, काठाला काठ.

हिरवी साडी घेऊन ती तरातरा दारात गेली. "माज्या साड्या कुत्र्याखाली घातल्या तुमी?"

तू गेल्यावर हा जेवेना, फाट्यावर जाऊन बसायचा, साडी अंथरली तेव्हा कुठं पडला, असं गहिनीनाथनं सांगितलं. तेही बंड्याकडं बघत.

म्हणजे साड्यासुद्धा त्या लाडक्याच्याच. लंकाबाई परत येऊन खोळीवर ब्रश असा चालवायला लागली की सतरंजीनं काय केलं होतं कोण जाणे. एका टोकाला ब्रश अडला. तेलाचा काळपट, गोल डाग. सोड्याला दाद देत नव्हता. तिचा हात थांबला. असा डाग तिनं जन्मभर एकाच उशीवरून घासून काढला होता. आणि कुत्रं काही डोक्याला तेल लावत नाही.

"अहो," तिनं हाक मारली. "हितं डोकं कुनाचं असायचं?"

गहिनीनाथ बाहेर आला. मागून बंड्या आला, साड्या हुंगून त्यांच्याशेजारीच बसला. गहिनीनाथनं डागाकडं पाहिलं. मग, कुत्र्याकडं न बघता, सरळ तिच्याकडं.

"बाळंतपनाला गेलेलं मानूस दोन-चार म्हयन्यात येतं माघारी," तो म्हणाला. "तू मला सोडून गेल्तीस, लंके."