नऊ टाक्यांचं चॅनेल

आमच्या पाणीपुरवठा खात्याच्या नऊ टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकीवर एक रेडिओ. हा गाणी लावत नाही. टाकीत पाणी किती, एवढंच तो दर मिनिटाला ऑफिसातल्या रेडिओला कळवतो आणि त्यावरून पंप चालतात. निरोप आला नाही की पंप थांबतो. टाकी भरून वाहण्यापेक्षा कोरडी राहिलेली बरी, असं खात्याचं धोरण आहे.

हे सगळं मास्तरांनी बसवलेलं. ते टेक्निशियन, पण मला, म्हणजे त्यांच्या साहेबाला, कामातलं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि नव्या लोकांना तयार करायला त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. "सोडा हो आता म्हाताऱ्याला," असं ते वरवर म्हणत. पण शिकवण्यासाठी वही लिहायला घेतली होती, समास आखून.

त्याच सुमारास शेजारच्या कारखान्याने आमच्याच चॅनेलवर आपले रेडिओ चालू केले. आम्हाला चॅनेल बदलणं भाग होतं. यात नियम एकच. आधी सगळ्यात लांबच्या टाकीला सांगायचं, मग तिच्या अलीकडच्या, आणि ऑफिसचा रेडिओ शेवटी. ऑफिसचा आधी बदलला तर बाकीच्यांना सांगणार कोण, आणि कोणत्या तोंडाने?

त्या सकाळी मास्तरांनी स्क्रीनवर दहाही रेडिओंच्या खिडक्यांत नवं चॅनेल भरून ठेवलं, ऑफिसच्या रेडिओची खिडकी शेवटी उघडलेली, म्हणून सगळ्यांत वर, आणि फोन आला म्हणून ते बाहेर गेले. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "होतंच आलंय." असं म्हटल्यावर काहीतरी व्हायला हवं. माझ्या पासवर्डची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली होती. नव्यासाठी अर्ज मी माझ्याकडेच करायचा होता, आणि मी अर्ज लवकर बघत नाही. मास्तरांची स्क्रीन उघडीच होती. समोर जी खिडकी होती तिच्यात 'सेव्ह' दाबलं.

नऊ हिरवे दिवे एकामागोमाग लाल झाले. मास्तर आत आले तेव्हा मी माझ्या टेबलाशी फाइल वाचत होतो. फाइल सुलटी होती, तेवढं भान होतं.

"अहो, हे काय झालं?"

"काय झालं, मास्तर?" मी म्हणालो.

आयुष्यात मी बरंच बोललो आहे, भाषणंसुद्धा केली आहेत. परत घ्यावंसं वाटतं ते एवढं एकच वाक्य.

मास्तरांनी स्क्रीनकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. ऑफिसचा रेडिओ जुन्या चॅनेलवर परत नेऊन बघितला, पण एकदा तुटलेला संपर्क कारखान्याच्या गोंगाटात पुन्हा जुळेना. लॅपटॉप आणि केबल उचलून ते निघाले. साठीच्या गुडघ्यांनी नऊ शिड्या चढून एकेक रेडिओ जागेवर जाऊन बदलला. अर्धं शहर दीड दिवस कोरडं होतं.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी नोंदीचा कागद फिरवला. त्यावर वेळ होती, रेडिओ होता आणि मास्तरांचं नाव होतं. "यंत्र खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले.

"माझ्याच हातून झालं असणार," मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले.

मला वाटलं, सगळं ओळखून हा माणूस मला वाचवतोय. साहेबांना एकटं गाठून सांगायचं ठरवलं. पुढे साहेब बऱ्याचदा एकटे सापडले. दोन वर्षांचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही. निरोपसमारंभात मीच बोललो, आणि चांगलं बोललो.

वर्षभर त्यांच्या मोठेपणाच्या ओझ्याखाली वावरलो. खरं सांगायचं तर कधीकधी त्यांचा रागही यायचा. शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. "बरं झालं आलात, भाऊजी. तुम्हीच समजवा यांना. टीव्हीचा रिमोटसुद्धा हातात घेत नाहीत. शेजारचा पंखा बंद पडला तर म्हणाले, मेकॅनिक बोलवा. म्हणे, माझा हात मला न विचारता काहीबाही करतो."

मी दारातच उभा राहिलो. त्यांनी मला वाचवलं नव्हतंच. त्यांना ते खरं वाटलं होतं.

"मास्तर, ते सेव्ह मी दाबलं होतं." बसायच्या आधीच सांगून टाकलं, बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या असत्या.

मास्तर हसले. "साहेब, माझं मन राखायला किती खोटं बोलाल?"

"शप्पथ, मास्तर. तुम्ही फोनवर होतात, आणि मी..."

"नोंदीत नाव कुणाचं होतं?"

"तुमचं. पण स्क्रीन उघडी होती..."

"आणि मी आत येऊन विचारलं तेव्हा?"

"तेव्हा मी म्हणालो, काय झालं."

"बघा! तुम्ही केलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतंत. तुम्हाला काय मी ओळखत नाही?"

वहिनींनी एक खोकं आणून माझ्यासमोर ठेवलं. मुलीने पाठवलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र. तारीख-वेळ लावायची म्हणून पंधरा दिवस तसंच पडलं होतं.

"तुम्ही लावा, साहेब," मास्तर म्हणाले. "मी हात लावत नाही."

मी वर्ष लावलं, महिना लावला. मास्तर हात पाठीमागे बांधून बघत होते.