कानामागचा रंग

टिंग! भट्टीची घंटा एवढीशी, पण दुपारच्या त्या चिडीचूप घरात भांडं पडल्यासारखी वाजली. मी श्वास रोखून पाळण्यातल्या धाकट्याकडे पाहिलं. त्यानं झोपेतच ओठ चोखले, मूठ उघडली, मिटली आणि कूस बदलली. सुटले!

भट्टी म्हणजे टेबलावरचा साधा ओव्हन. पण त्यात कधी खायचं काही शिरलेलं नाही. त्यात आमच्या जाऊबाई बाळं भाजतात. हे वाक्य ऐकून पाहुणे दचकतात, म्हणून जाऊबाई ते मुद्दाम म्हणतात. त्या अगदी खऱ्या तान्ह्या बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या करतात. मऊ व्हिनाइलची कोरी डोकी, हात, पाय विकत येतात, मेणासारखे फिकट. त्यांच्यावर रंगाचा पातळ हात द्यायचा, भट्टीत पक्का करायचा, गार झाला की पुढचा हात. एकेक हात इतका पातळ की दिला की नाही अशी आपलीच आपल्याला शंका यावी. आणि एकदा भट्टीतून निघालेला रंग पुसता येत नाही. नको असेल तर सगळंच खरवडून काढायचं आणि पहिल्यापासून सुरू.

त्यांच्या खोलीत एका फळीवर बिघडलेली डोकी ओळीनं मांडलेली आहेत. एकही त्यांनी टाकलेलं नाही, उलट बारसं केल्यासारखी नावं ठेवलीत. गालांची लाली हाताबाहेर गेली तो टोमॅटो. पिवळ्यानं घात केला ती कावीळ. भुवया जाड झाल्या तो पैलवान. माझी थोरली, ठमी, रोज सकाळी त्यांची हजेरी घेते. कुणी शिकायला आलं की जाऊबाई आधी ही फळी दाखवतात, तयार बाळं नंतर.

"चांगलं झालेलं बघून नुसतं छान वाटतं गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "कळत काहीच नाही. हा टोमॅटो माझा गुरू. याच्यापुढे मी अजून कान पकडते."

घड्याळं दुरुस्त करणारे काका आले, त्या दिवशी मी तिथंच बसून ब्रश धूत होते. मिशा पिकलेल्या, शर्टाच्या खिशात भिंग. त्यांनी एक जुना काळापांढरा फोटो टेबलावर ठेवला. पालथं पडून, मान उचलून, जगाकडे संशयानं बघणारं बाळ.

"हा मी," ते लाजत म्हणाले.

त्यांच्या आईला आता फारसं काही आठवत नाही. बाळ तेवढं आठवतं. दिवसभर ती घरभर बाळ शोधते, सापडलं नाही की रडते, मग उशी मांडीवर घेऊन थोपटत बसते. काकांनी दुकानातून एक बाहुली आणून दिली, तर तिनं ती भिंतीवर भिरकावली. "मला वेडी समजता काय?" म्हणाली आणि दिवसभर जेवली नाही.

"तुम्ही केलेलं बाळही तिला पटलं नाही, तर मग मी पुन्हा नाही करणार असलं काही," काका म्हणाले. "उशी तर उशी. निदान तिला अपमान तरी वाटत नाही."

जाऊबाईंनी फोटो उजेडात धरला. "यात रंग नाही. लहानपणी कसे होता तुम्ही? गोरे, सावळे?"

"ते मला कसं माहीत असणार? आईलाच विचारायला..." काका बोलता बोलता थांबले.

जाऊबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांच्याजवळ येऊन म्हणाल्या, "वाका जरा." काका वाकले. वर्गात दंगा करताना सापडलेल्या पोराचा धरावा तसा जाऊबाईंनी त्यांचा कान धरला, पुढे दुमडला आणि मला हाक मारली. "बघ गं. तोंड रापतं, हात रापतात, कानामागं कोण रापतंय? इथं माणूस जन्मला तसाच असतो."

खरंच, त्या सुरकुतल्या, उन्हानं तांबूस झालेल्या माणसाच्या कानामागे बोटभर जागा होती, गव्हाळ, मऊ, कडेला किंचित गुलाबी. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाचं बाळपण जाऊबाईंनी असं चिमटीत धरून दाखवलं. मी बघतच राहिले.

काका गेल्यावर त्या म्हणाल्या, "हे बाळ तू रंगवायचं."

"मी? ताई, मी आत्तापर्यंत नुसती बाळांची नखं रंगवलीत!"

"माझी पोरं कॉलेजात गेली. ती तान्ही कशी दिसायची ते मला आठवून काढावं लागतं. तुला नुसतं मागं वळून बघायचंय, पाळण्यात."

तेव्हापासून धाकटा झोपला की मी रंगवायला बसायची. उजेड आला की तो जागा होतो, म्हणून पडदे ओढलेले आणि टेबलावर पिवळा दिवा. कानशिलावरच्या, पापण्यांवरच्या बारीक निळ्या शिरा काढताना त्या काही केल्या दिसेनात. दिसेना म्हणून आणखी थोडा निळा, तरी दिसेना म्हणून आणखी थोडा. आणि शेवटी त्या चिडीचूप दुपारी ती घंटा वाजली. डोकं गार झालं, दिव्याखाली धरलं, तर कसं गोड दिसलं म्हणून सांगू! काकांनी आईला घेऊन येत्या रविवारी यायचं ठरवलं होतं. मी मनात रविवार जिंकून बसले.

तेवढ्यात धाकटा उठला, जाऊबाई आल्या आणि त्यांनी सर्रकन पडदा बाजूला केला.

बाळ निळं होतं. थंडीत कुडकुडलेलं, कुणीतरी दारात आणून ठेवल्यासारखं.

"आई, त्याला स्वेटर घाल," ठमी कळवळून म्हणाली.

माझा चेहरा उतरला. जाऊबाईंनी डोकं हातात घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "फळीवर जागा करू का याला? हिवाळा नाव छान आहे."

"ताई, चेष्टा नका करू. रविवारी त्या आजी येणार."

"बरं, नाही करत. निळा आला कुठून ते सांग."

मी पडद्याचं, दिव्याचं सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता अशा खुलल्या, जसं मी चूक नाही, मिठाईचा पुडाच उघडला समोर.

"पिवळ्या दिव्याखाली निळा लपतो! अगं, मी कायम खिडकीत बसून काम केलं, मला हे कळलंच नसतं. निळं बाळ माझ्या फळीवर नव्हतंच मुळी. हे तू शिकवलंस मला."

इतकी वर्षं हा उद्योग केलेली बाई, आणि माझ्या चुकीतून शिकत होती. मला रडू यायचं ते तिथंच थांबलं.

"खरवडू का सगळं?"

"थांब की. आधी आपलं खरं बाळ बघ." त्यांनी धाकट्याला खिडकीशी धरलं आणि त्याच्या कानशिलाजवळ बोट नेलं. तिथं निळा होता, बराच होता, पण आत कुठंतरी. "निळा चुकला नाही तुझा. तो वर राहिलाय. त्याच्यावर अजून कातडी चढायचीय."

त्यांनी पिवळट नारिंगी रंग घोटला, चहाची गाळणी धुताना निघतं तसं पाणीच ते. स्पंज माझ्या हातात दिला.

"तुम्हीच द्या ना, ताई."

"मी दिला तर मला येईल. मला येतंच."

मी दिला. भट्टी, गार, पुन्हा हात. या वेळी खिडकीत, धाकटा जाऊबाईंच्या कडेवर. दर हाताला निळा थोडा थोडा आत जात गेला आणि एका दुपारी अचानक ते कातडं राहिलं नाही, कांती झाली. कानामागं मी सगळ्यात शेवटी रंग दिला, तो गव्हाळ, आठवून आठवून.

मग मी पाय उचलले. तेही दिव्याखालीच रंगवलेले, तेही निळसर. जाऊबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतले. "पाय राहू दे असेच."

"असे गारठलेले?"

"पोटच्या पोराचे पाय बघितलेस का कधी?"

मी धाकट्याचं पाऊल हातात घेतलं. रोज न्हाऊ घालते, रोज मुके घेते. टाचेजवळ फिकट जांभळट, तळव्याला ठिपक्याठिपक्यांचं. जाऊबाईंना कुठं थांबायचं ते कळतं. मला अजून नुसतं कसं करायचं एवढंच कळायला लागलंय.

रविवारी आजी आल्या. लहानखुऱ्या, केस नीट विंचरलेले, अंगावर शाल. जाऊबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं. "तू दे. बाळ देतात तसं दे."

मी मानेखाली हात धरून पुढे केलं. आजींनी घेतलं नाही. त्या वाकून बघत राहिल्या, कपाळ, ओठ, कान. कपाळाला आठी पडली. काकांनी खिशातलं भिंग घट्ट धरलं होतं. आजींनी एकदम दुपट्याला हात घातला. आता भिरकावतात, मला वाटलं. त्यांनी दुपटं सोडलं आणि पाऊल बाहेर काढलं.

"पाय गार पडलेत की गं याचे! मोजे कुठंयत? कुणाचं म्हणून लक्ष नाही पोराकडं."

आणि माझ्या हातातून त्यांनी बाळ काढूनच घेतलं. अंगठ्यानं टाच चोळली, शालीत गुंडाळलं, खांद्याशी लावलं. "कुठं होतास रे इतके दिवस?" त्या पुटपुटल्या आणि डोलायला लागल्या.

जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जड, उबदार हात.

आजींनी मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं. "ओ दादा, तेवढं दार लावून घेता का? बाळाला वारा लागतोय."

"हो, लावतो," काका म्हणाले. त्यांनी दार लावलं आणि कडीवर हात ठेवून तिथंच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

ठमीनं माझी ओढणी ओढली. "आई, फोटोतलं बाळ म्हणजे हे काका ना?"

"हो गं. हळू बोल."

"मग आजींना त्यांचं बाळ सापडलं?"

"सापडलं, राणी."

तिनं दाराशी पाठमोऱ्या उभ्या काकांकडे पाहिलं.

"मग काकांना आता कोण घेणार?"